गैरहजर

अक्का,

काल शाळेत तुमच्यासाठी सभा झाली. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता, आणि खुर्ची नेमकी तीच, जिचा एक हात हलतो म्हणून तुम्ही कधी तिच्यावर बसला नाहीत. मी मागे बायकांत बसले. धरणगावहून कोणी साहेब आले होते. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नसावं. खिशातून कागद काढून त्यांनी वाचलं, की बाईंच्या काळात या कन्याशाळेच्या सातवीचा निकाल एकदा वर गेला तो पुन्हा खाली आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अशा सभेत टाळ्या वाजवत नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे एकदम थांबले. तुम्ही असतात तर हसू दाबायला पदर तोंडाशी नेला असता. तुम्ही नव्हतात, म्हणून मी नेला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते. तिनं पाठीवर हात ठेवला, आणि मग मला खरंच रडू आलं.

निकाल पहिल्यांदा वर गेला त्या वर्षी काय झालं, ते आपल्या घरातल्या तीनच बायकांना माहीत होतं. तुम्ही गेलात. माझी विमल सावद्याला सासरी असते. इथं मी आहे. घरात बोलायला कोणी नाही. तुमचे भाऊ जेवताना पेपर वाचतात, पेपर संपला की सुपारी कातरतात. बोलणं मला तसंही कधी जमलं नाही. लिहायला बसले आहे, पण चौथीनंतर मी लांबलचक असं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर तुम्ही लाल पेन्सिल मारायला नाहीत, एवढंच बरं.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं मला बजावून ठेवलं होतं, घरात विधवा नणंद आहे आणि त्यातून मास्तरीण, जपून राहा. मी इतकी जपून राहिले की पहिले काही महिने तुम्ही मला मुकी समजत होतात. एकदा मायला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "माय, हिचं तोंड माहेरीच ठेवून आणलं का तुम्ही?" मी चुलीपुढे बसून हसले. तुम्ही म्हणालात, "हसायचं मात्र आणलंय."

मग तुम्ही माझ्यावर पेपर करून पाहायला लागलात. सहामाहीचा नाहीतर सरावाचा पेपर काढला, की आधी स्वयंपाकघरात यायचात. मी ज्वारी पाखडत असायचे. तुम्ही पाटावर बसून प्रश्न वाचायचात आणि म्हणायचात, "तुझी चौथी, त्यांची सातवी. तुला प्रश्न कळला तर त्यांना उत्तर यायला पाहिजे. तुला कळलाच नाही तर प्रश्न काढणारी चुकली." एकदा भूगोलाचा प्रश्न होता, आपल्या जिल्ह्यात केळी कशामुळे पिकतात. मी म्हटलं, लावतात म्हणून. तुम्ही इतक्या हसलात की माय बाहेरून विचारायला आली, काय सांडलं. उत्तराला तुम्ही शून्य दिलंत, आणि म्हणालात, "पण द्वारका, खोटं नाही हो ते."

त्या पाटावर आता कोणी बसत नाही. मी तो भिंतीला उभा करून ठेवला होता. परवा पुन्हा आडवा टाकला. उभा बघवत नव्हता.

तेव्हा सातवीच्या परीक्षेला फायनल म्हणायचे. बाहेर धरणगावच्या केंद्रावर जाऊन द्यायची, पेपर दुसऱ्यांनी तपासायचे, आणि निकालाचा तक्ता जिल्ह्याला जायचा. कोणती शाळा चांगली, कोणत्या मास्तराची बदली करायची, कोणता वर्ग चालू ठेवायचा, सगळं त्या तक्त्यावर. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर, आपण त्यांना नानामास्तर म्हणायचो, त्यांचा निकाल दर वर्षी भरून यायचा. सहामाहीत जी पोरं कच्ची निघायची त्यांचे फॉर्मच ते भरत नसत. पोरगा वर्षभर सातवीत बसायचा आणि फायनलच्या वेळी घरी गुरं राखायचा. तुम्हाला त्याची भयंकर चीड होती. कापसाच्या गाड्या आपल्या दारावरून धरणगावच्या जिनात जायच्या. एकदा त्यांच्याकडे बोट करून तुम्ही तुमच्या भावाला म्हणालात, "काट्यावर न्यायच्या आधी कापसावर पाणी मारतात ना, तसा नानामास्तराचा निकाल. वजन भरतं. कापूस होता तेवढाच." भाऊ जिनात कारकून, त्यांना हे लागलं. ते म्हणाले, "पाणी सगळेच मारतात अक्का. जो मारत नाही त्याची गाडी हलकी भरते."

तुम्ही पाणी मारत नव्हतात. जी सातवीत बसली ती फायनलला बसणार, हा तुमचा नियम. फॉर्म सगळ्यांचे भरायचे. म्हणून तुमची गाडी हलकी भरायची. दोन वर्षं निकाल पडला, आणि मग शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले.

शाळा तपासून झाल्यावर ते चहाला आपल्या घरी आले. मी दाराआड होते. माणूस वाईट नव्हता. मला त्यांचा आवाज अजून आठवतो, थकलेला, सर्दी झाल्यासारखा.

"बाई, तुम्ही शिकवता उत्तम. मी मागे बसून ऐकलं ना. पण वर जातो तो तक्ता. तक्त्याला ऐकू येत नाही."

"मग तक्ता वाचणाऱ्यांनी ऐकायला यावं," तुम्ही म्हणालात.

"ते नाही यायचे. माझ्याही नावापुढे आकडा असतो बाई. तुमचा खाली आला की माझा खाली येतो." मग ते म्हणाले, "यंदा सुधारला नाही तर सातवी इथं ठेवता येणार नाही. पोरी धरणगावच्या शाळेला जोडाव्या लागतील."

"धरणगावला आमच्या पोरी कोण पाठवणार साहेब? सहावीतून काढून घरी बसवतील."

 मी चहात साखर घातलेली होती, तरी साहेब चमचा ढवळत राहिले.

ते गेल्यावर तुम्ही ओसरीवर तशाच बसून राहिलात. कपबश्या उचलायला मी आले तेव्हा एकदम विचारलंत, "द्वारका, गेल्या वर्षी सोनारांच्या पोरीचं काय झालं होतं, आठवतं का तुला?"

मला आठवत होतं. त्या गोष्टीवर आपण दोघी किती हसलो होतो. सोनारांची पोर परीक्षेच्याच सकाळी बाहेर बसली. तिच्या आजीनं तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तुम्ही बाकीच्या पोरी घेऊन केंद्रावर गेलात. तिथल्या मास्तरांनी विचारलं, ही मुलगी कुठे आहे? तुम्ही म्हणालात, बाहेर बसली आहे. तो भला माणूस उठून व्हरांड्यात बघायला गेला, आणि परत येऊन म्हणाला, बाहेर तर कोणीच नाही. तेव्हा शेजारच्या मास्तरांनी त्याच्या कानात सांगितलं. त्याचे कान लाल झाले. मान वर न करता त्यानं 'गैरहजर' असं लिहून टाकलं, आणि पुढे तुमच्याशी काही बोलायचं झालं तरी भिंतीकडे बघून बोलायचा. निकाल लागला तेव्हा सोनारांची पोर पासांत नव्हती आणि नापासांतही नव्हती. बसलेल्यांत तिला धरलंच नव्हतं.

हसणं आठवून मी थोडी हसलेसुद्धा. तुम्ही हसत नव्हतात.

"विमल गणितात राहणार," तुम्ही म्हणालात. "मी आत्या आहे तिची, मला कळतं. बाकीच्या कशाबशा निघतील. पोरी मुळात एवढ्याशा, एक राहिली तरी तक्ता खाली येतो. फॉर्म मी कोणाचा अडवणार नाही, विमलचाही भरलाय. दुसऱ्यांच्या घरी जाऊन असलं सांगायला माझं तोंड उघडणार नाही. आपल्या घरात मात्र सांगता येईल, विमल बाहेर बसली म्हणून. नापासाचा शिक्का नको पोरीच्या कपाळी, आणि वर्गही राहील. पुढच्या वर्षी मी स्वतः तिला बसवीन. एकच वर्ष, द्वारका."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी गप्प बसले की तुम्ही ते हो समजायचात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

मायला खरं सांगणं शक्य नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नसे. म्हणून विमलला खरोखर मागच्या पडवीत बसवावं लागलं, पोत्यावर, वेगळा तांब्या देऊन. तेरा वर्षांची पोर, अजून तसं काही नव्हतं. तुम्ही तिला काय सांगून समजावलंत ते मला माहीत नाही. ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. आणि आपण दोघी जे विसरलो होतो ते मायच्या पहिल्या ध्यानात आलं. सोनारांच्या पोरीची ती पहिली वेळ नव्हती. विमलची होती.

"मन्ही नात शहानी व्हयनी," म्हणत माय साऱ्या गल्लीत फिरून आली. बायका हळदीकुंकू, खण, नारळ घेऊन ओटी भरायला यायचं म्हणाल्या. चौथ्या दिवशी न्हाऊ घालून विमलला पाटावर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, शिरा केला. पोर खाली मान घालून रडत होती. माय म्हणाली, "काब्र रडस व पोरी? बठ्ठीसले येस." सगळ्यांनाच येतं ते, म्हणत सगळ्या बायका हसल्या. तुम्ही त्या वेळी घरात नव्हतात, पोरींना घेऊन केंद्रावर होतात. ते तुम्ही पाहिलं नाहीत. मला कधीतरी वाटतं, तुम्ही ते पाहायला हवं होतं.

पहिल्या पेपराच्या सकाळी पोरींची बैलगाडी आपल्या घरामागून गेली. त्या कविता म्हणत चालल्या होत्या. विमल पडवीत पोत्यावर बसून ऐकत होती. मी भाकरी वरून तिच्या ताटात टाकली तेव्हा ती म्हणाली, "आई, आज मराठीचा पेपर आहे. तो मला आला असता."

निकाल लागला. बसलेल्या सगळ्या पास झाल्या. दिपोटीसाहेब स्वतः सांगायला आले. त्या दिवशी तुमचा चेहरा मी पाहिला. आनंद होता, नव्हता असं कसं म्हणू. तुम्ही वर्ग वाचवला होता. शालिनी, सोनारांची पोर, दोन चुलतबहिणी होत्या त्या, सगळ्या पास. पेढ्याचा पुडा तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आधी विमलला." विमलनं पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा भिंतीवर मुंग्यांना ठेवला.

त्यानंतरचे महिने आठवले तर आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मायनं पुढच्या महिन्यात विचारलं, पोर अजून बसली कशी नाही? तुम्ही शाळेतला आवाज काढून सांगितलंत, "सुरुवातीला असंच असतं माय, मागेपुढे होतं, डॉक्टर सांगतात." माय म्हणाली, "डाक्टरले काय माहीत? तो काय बसना व्हता?" शेवटी मध्ये दोनदा विमलला पुन्हा खोटंच पडवीत बसावं लागलं. ती तिथं पुस्तक घेऊन बसायची. तुम्ही तिला व्याजाची गणितं काढून द्यायचात, आणि वही हाताला हात न लागता खाली ठेवून सरकवायचात, कारण माय बघत असायची.

खरी वेळ आली ती श्रावणात. विमल मला शोधत मागच्या दारी आली. तिची ओटी भरायला कोणी आलं नाही, कारण ती भरून झाली होती. मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तुम्हाला रात्री सांगितलं, तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

दिवाळीनंतर सावद्याचं स्थळ आलं. केळीची बाग, विहीर, माणसं मोजकी. मुलगी शहाणी झाली आहे हे त्यांना जिनात कापूस घालणाऱ्या पाहुण्याकडून कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. तुमच्या भावाला स्थळ पसंत पडलं. तुम्ही ओसरीवर उभ्या राहून जे भांडलात ते मी आतून ऐकलं. मी तुम्हाला त्याआधी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, वर्गातसुद्धा.

"कायद्यात बसवायला वय वाढवून सांगशील, पण पोर लहान आहे रे अजून," तुम्ही म्हणालात.

"लहान? अक्का, तूच तर सांगितलंस ना मायला, मोठी झाली म्हणून."

तुम्ही गप्प झालात.

"तू सांगितलंस, गल्लीनं ओटी भरली. आता मी कोणाला सांगू लहान आहे?"

"निदान फायनल होऊ दे तिची."

"गेल्या वर्षी ती फायनलच्या वेळी बाहेर बसली. यंदा बसणार नाही कशावरून?" ते टोमणा मारत नव्हते, अक्का. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी अगदी सरळ विचारलं होतं. माय म्हणाली, "आते तिले गणित कशाले पाहिजे?"

तुम्ही आत आलात. मी पीठ मळत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मला दिसलं की तुमच्या ओठावर आलंय. सांगितलं असतं तर लग्न थांबलं असतं, कदाचित. आणि मग ते गावात गेलं असतं, शाळेत गेलं असतं, दिपोटीसाहेबांकडे गेलं असतं, आणि जो वर्ग विमलला पडवीत बसवून राखला होता तो गेला असता. नव्या पोरी त्या वर्षी सातवीत आल्या होत्या. तुम्ही घागरीतून पाणी घेऊन प्यालात आणि शाळेत निघून गेलात. माघात विमलचं लग्न झालं. फायनल चैत्रात होती.

पुढे काही वर्षांनी, विमलला पहिली मुलगी झाल्यावर, तुम्ही सावद्याला गेला होतात. आल्यावर मला एवढंच म्हणालात, "पोर सुखात आहे. बाग मोठी आहे." आणि जेवला नाहीत. काय झालं ते मला विमलनं नंतर सांगितलं. तुम्ही तिच्या सासूसमोर विषय काढलात, की फायनल आता बाहेरूनही देता येते, फॉर्म मी भरते, विमलला बाहेरून बसू द्या. सासू काही म्हणायच्या आत विमल म्हणाली, "आत्या, एकदा बसले ना मी बाहेर. आता नको." सासू खूप हसली म्हणे. तिला वाटलं, सूनबाई आपली सोवळ्याओवळ्याची थट्टा करते आहे. विमल मला म्हणाली, "आई, आत्यानं पदरानं चष्मा पुसला. काच फुटेल इतका पुसला."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी भांडायला लागलात. मी काही बोलले नव्हते, तरी. मी भाजी निवडत असले की समोर येऊन बसायचात आणि म्हणायचात, "शालिनी मास्तरीण झाली बघ. सोनारांची पोर जळगावला नर्स आहे. सातवी बंद झाली असती तर यांतली एक तरी दिसली असती का?" मी मेथी निवडायची. "आणि विमल पास झालीच नसती. नापास होऊन काय करणार होती? पुन्हा त्याच वर्गात बसली असती, लहान पोरींत. तिला लाज वाटली असती." मी देठ एकीकडे, पानं एकीकडे करायची. तुम्ही उठून जायचात, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. रिटायर झाल्यावर तर जास्तच. अक्का, मी एकदाही विचारलं नव्हतं हो. कोण विचारत होतं तुम्हाला?

आणि तुम्ही म्हणत होतात त्यातलं काही खोटं नव्हतं.  तुम्ही नसतात तर मला वाचायची सवय राहिली नसती. पंचमीला पोथी वाचायला बायका मला बोलावतात, ते तुमच्यामुळे. विमलची मुलगी पाचवीत गेली, ती तिच्या आईनं ठेवली शाळेत, तेही कुठेतरी तुमच्यामुळेच असेल. की तुमच्यावरच्या रागानं असेल? मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

धुळ्याच्या दवाखान्यात तुम्हाला नेलं तेव्हा मी देवपूरला तुमच्या मैत्रिणीकडे राहायचे आणि सकाळी पूल ओलांडून तुमच्याकडे यायचे. पांझरेच्या पात्रात धोबी कपडे आपटत असायचे. तेवढा आवाज ऐकत यायचे, तो मला बरा वाटायचा. तुम्ही हलक्या होत गेला होतात. शेवटी शेवटी तुम्ही कोणालाच ओळखत नाही असं नर्स म्हणायची, पण मला ओळखत होतात. एका दुपारी, मी मोसंबी सोलत होते, तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "द्वारका, ती पास झाली असती का ग?"

इतकी वर्षं तुम्ही मला सांगत आलात, की नसती झाली. आणि आता मला विचारत होतात. मी मोसंबीची फोड तुमच्या ओठांशी नेली. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. उत्तराची वाट बघत होतात. मला काहीच माहीत नव्हतं, अक्का. मराठीचा पेपर तिला आला असता, एवढंच मला माहीत होतं, आणि ते सांगावं की नाही हे ठरेपर्यंत तुम्हाला झोप लागली.

विमल तेराव्याला आली होती. भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, "आत्या शेवटी काही बोलली का?" मी तुमचा प्रश्न तिला सांगितला. ती बराच वेळ पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिलाही माहीत नव्हतं." मी म्हटलं, नाही. "मला वाटायचं तिला माहीत आहे," ती म्हणाली, "आणि म्हणून तिनं तसं केलं." संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. तिची मुलं तिची वाट बघत असतात.

आता कालचं सांगते, म्हणजे संपलं.

सभा संपल्यावर शालिनी माझ्याबरोबर घरापर्यंत आली. आता सातवी तिच्याकडे आहे, तुमचीच खोली, तोच फळा. पाणी दिलं तर तिनं ते हातात तसंच धरून ठेवलं.

"काकू, एक विचारू का? तुम्ही घरात होता म्हणून विचारते. बाईंनी कधी कोणाचा फॉर्म अडवला नाही, हे आम्ही सगळ्या जाणतो. मग त्यांचा निकाल कसा यायचा?"

मी तांब्या खाली ठेवला.

"माझ्या वर्गात एक पोर आहे. हुशार नाही. गणितात जाणारच. वरून कागद आलाय, निकाल खाली गेला तर ज्याचा वर्ग त्याची वेतनवाढ थांबेल. सगळे मला म्हणतात, फॉर्म ठेवून घे, तिच्या बापाला काही कळणार नाही. बाई असत्या तर त्यांना विचारलं असतं."

"बसू दे तिला," मी म्हटलं.

शालिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोलणारी दुसरीच कोणी होती. तिच्या लहानपणापासून तिनं माझा आवाज किती ऐकला असेल?

"आणि नापास झाली तर, काकू?"

"तर नापास होईल. पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. नापास पोरीला कोणी मोठी झाली म्हणत नाही."

तिला शेवटचं वाक्य कळलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी ते समजावून सांगितलं नाही. ते तुमचं माझं आहे. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरं. बसवते." दारातून निघताना पुन्हा वळून म्हणाली, "आमच्याकडे म्हाताऱ्या सासूबाईंची औषधं चालू आहेत काकू, वाढ थांबली तर ओढाताण होईल. पण बसवते."

ती गेल्यावर मी बराच वेळ दारात उभी होते. जे मला तुम्हाला इतक्या वर्षांत सांगता आलं नाही ते मी तिला एका दमात सांगून बसले, आणि बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही. उत्तर देणं मला सोपं होतं, अक्का. तक्ता माझ्या नावानं जात नाही. तुमच्या नावानं जायचा, आता शालिनीच्या जाईल. ओसरीवर तुम्ही त्या दिवशी कशा बसल्या होतात ते मला काल पहिल्यांदा नीट दिसलं. तुमच्या शेजारी येऊन बसायला पाहिजे होतं कोणीतरी. मी कपबश्या उचलत होते.

तरी माझा शब्द मी मागे घेणार नाही. तुम्ही रागावलात तरी नाही. त्या पोरीचं नाव मी विचारून घेतलंय शालिनीकडून. चैत्रात धरणगावला ती जाईल, गाडीत बसून, बाकीच्यांबरोबर. मग पास असो, नापास असो, तिचं नाव निकालात असेल.